गाणं अडत नाही, मग बोलणं का अडतं?

ताई,

आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जिवाजीगंजाच्या बाजूला राहतो. मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. साडेतीन वर्षांचा होईपर्यंत फडाफडा बोलायचा. गेल्या दिवाळीच्या सुमारास 'म-म-मला' सुरू झालं, त्याला आता आठ महिने होतील. मध्ये चार-सहा दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. हल्ली तर तोंड उघडतो, पण आवाजच निघत नाही. मग मान झटकतो, डोळे घट्ट मिटतो. परवा मला म्हणाला, "आई, माझा शब्द आत अडकतो."

सासूबाई म्हणतात, बापाचं ऐकून शिकला. यांना लहानपणापासून तसं आहे, पण विषय काढला की म्हणतात, "मला आता काही नाही." घरी फोन वाजला तर माझ्या हातात देतात. गेल्या वर्षी बँकेत बढती मिळत होती, ती घरच्या अडचणी सांगून नाकारली. घरात तशी काहीच अडचण नव्हती.

आजी रोज मधातून वेखंड देतात, गळा चांगला होतो म्हणून तानसेनाच्या समाधीवरच्या चिंचेची पानंही खाऊ घालून झाली. कुणी म्हणतं जिभेखालचा पडदा कापा. शाळेतल्या मॅडम म्हणतात, घरी मराठी बंद करा. मुलांचे डॉक्टर म्हणाले, पाच वर्षांचा होईपर्यंत थांबा. एका सेंटरवर नेलं, तिथे पंधरा मिनिटांत 'मॉडरेट' असं लिहून वीस दिवसांत शंभर टक्के बरा करायचं पॅकेज सांगितलं. आणि गंमत म्हणजे आजीबरोबर दत्ताच्या देवळात अख्खी आरती म्हणतो, एकदाही अडत नाही! मग हे खरंच तोतरेपण आहे का? थांबू की दाखवू?

— एक आई, ग्वाल्हेर

*

थांबू नका, स्पीच थेरपिस्टला, म्हणजे बोलण्यावर उपचार करणाऱ्याला, दाखवा.

डॉक्टर जे म्हणाले त्याला आधार नाही असं नाही. दोन ते पाच या वयात शंभरातली पाचेक मुलं काही काळ अडखळतात, आणि त्यांतली चारातली तीन तरी पुढच्या काही वर्षांत आपोआप मोकळी बोलायला लागतात. मोठ्या माणसांत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास उरतं. हे आकडे डोक्यात असले की 'थांबा' म्हणणं सोपं जातं. पण तुमचं पोर त्या तिघांतलं की चौथं, हे आकड्यावरून कळत नाही, मुलाला तपासूनच कळतं. आणि तपासलं म्हणजे लगेच उपचार सुरू केले असंही नाही. नीट तपासून 'तीन महिने नुसती नोंद ठेवा, मग या' असं मी स्वतः थेरपिस्ट म्हणून कित्येकांना सांगते. तसं थांबायला माझी हरकत नसते. न बघता थांबायला असते.

तुमच्या पत्रातल्या चार गोष्टींनी मला घाई करावीशी वाटते. तो मुलगा आहे. मुलींचं अडखळणं आपोआप सुटण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून तर मोठेपणी अडखळणाऱ्यांत साधारण चार पुरुषांमागे एक बाई दिसते. दुसरं, सुरुवात साडेतीनच्या पुढे झाली, म्हणजे जरा उशिरा. तिसरं, आठ महिन्यांत ते कमी झालेलं नाही, उलट 'म-म-म' वरून आवाज बंद पडण्यापर्यंत गेलंय. चौथं, वडिलांचं लहानपणी सुरू झालेलं मोठेपणीही राहिलं. ही चौथी गोष्ट आपल्याकडे नीट विचारलीच जात नाही. 'घराण्यात कुणाला आहे का?' एवढंच विचारतात आणि कागदावर 'हो' लिहून पुढे जातात. ज्याचं सातव्या वर्षी सुटलं असा काका आणि ज्याचं चाळिशीतही आहे असा बाप, यांचं वजन सारखं नसतं. या चार गोष्टी जमल्या म्हणून त्याचं टिकणारच असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण पाच वर्षं पूर्ण व्हायची वाट बघायला कारण उरत नाही. शिवाय पहिलीत जायच्या आधीच्या वयात जे उपचार सर्वांत चांगले लागू पडतात त्यांची वेळ आत्ताच आहे.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि हेही सांगा की नातू ऐकून शिकलेला नाही. ऐकून कुणी तोतरं होत नाही. तसं असतं तर घरातल्या एका माणसामुळे अख्खं घर अडखळलं असतं. हे रक्तातून येतं, असं म्हणायला आता पुरावा आहे. अमेरिकेतल्या डेनिस ड्रायना यांच्या गटानं २०१० साली पाकिस्तानातल्या एका मोठ्या कुटुंबापासून सुरुवात करून तीन जनुकांतले बदल शोधून काढले. ते थोड्याच लोकांत सापडतात, सगळ्यांचं कारण काही तिथे मिळत नाही. पण धसका घेतला, नजर लागली, आई नोकरीला गेली, बापाची नक्कल केली, या घरोघरच्या कारणांपेक्षा खूप पुढे नेणारी ही माहिती आहे. मेंदूत बोलण्याची हालचाल वेळेवर जुळवून आणणारी जी जोडणी असते, तिच्यात जन्मजात थोडा फरक असतो. यात तुमचा दोष नाही, त्याच्या बाबांचाही नाही.

आता शब्दांबद्दल थोडं, कारण पुढचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. आपल्या मराठीत बोबडा आणि तोतरा हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि ते वेगळे आहेत हे फार बरं आहे. 'घोडा'ला 'गोडा' म्हणणारं मूल बोबडं. त्याला ध्वनी काढता येत नाही. तोतऱ्या मुलाला ध्वनी येतो, शब्द ठाऊक असतो, काय म्हणायचंय तेही ठाऊक असतं. तो ध्वनी त्या क्षणी सुटत नाही इतकंच. जिभेखालचा पडदा फार आखूड असला तर एखाद-दुसरा उच्चार बिघडू शकेल, पण त्यानं कुणी तोतरं होत नाही. तेव्हा अडखळण्यासाठी म्हणून पडदा कापू देऊ नका. आम्ही ग्वाल्हेरवाले बोलताना सरळ 'हकलतो' म्हणतो. कोणताही शब्द वापरा, फक्त मुलाच्या नावाला चिकटवू नका.

आणि सगळंच अडणं हे तोतरेपण नसतं. "मला ना... मला ते... अंऽ, ते लालवालं पाहिजे" हे चार वर्षांच्या कोणत्याही पोराचं बोलणं आहे. विचार पुढे पळतो, जीभ मागे राहते. अख्खा शब्द पुन्हा म्हणणं, वाक्य मोडून नव्यानं सुरू करणं, 'अंऽ' करणं, यात काळजी करावी असं काही नाही. मी कान टवकारते ते तीन गोष्टींना: शब्दाचा तुकडा पुन्हापुन्हा येणं, म्हणजे 'म-म-मला'; ध्वनी ताणला जाणं, म्हणजे 'मऽऽऽला'; आणि तोंड तयार पण आवाज बंद, म्हणजे तुमचा मुलगा म्हणतो तसं 'शब्द आत अडकणं'. तुमच्याकडे पहिली आणि तिसरी दोन्ही आहेत, शिवाय मान झटकणं आणि डोळे मिटणं आहे. शब्द ढकलून बाहेर काढण्याची ती खटपट आहे. म्हणजे अडतंय हे त्याला कळतंय. सव्वाचार वर्षांच्या मुलानं ते शब्दांत सांगितलं, हे मला तर फार मोलाचं वाटतं.

मोजतात कसं, ते एकदा बघून ठेवा. गजकेचे, म्हणजे तीळ-गुळाच्या वड्यांचे, दिवस असोत-नसोत, आपल्या मुलांना गजक लागतेच. समजा तो म्हणाला, "आजी, मला ग-ग-ग-गजक दे." कागदावरची अक्षरं मोजायची नाहीत, कानाला ऐकू येणारे तुकडे मोजायचे: आ, जी, म, ला, ग, जक, दे. झाले सात. 'ग' चार वेळा आला तरी धरायचा एकदाच, आणि त्यावर एक फुली. सात तुकड्यांत एक अडखळ. असं निदान तीनशे तुकडे होईपर्यंत ऐकायचं. मूल रंगात असेल तर पाच-सात मिनिटांत होतात. तीनशेत नऊ फुल्या म्हणजे शंभरात तीन. तिथून पुढे आम्ही गांभीर्यानं बघतो. नुसतं ऐकताना आई-वडिलांना वाटतं, प्रत्येक शब्दाला अडतो. मोजल्यावर बरेचदा शंभरात सहा-सात निघतात; तेही सोडून देण्यासारखे नसतात, तरी आईच्या खांद्यावरचं ओझं माझ्यासमोर उतरतं. कधी उलटंही होतं.

पण फुल्या म्हणजे सगळी तपासणी नव्हे. दहा फुल्या, पण प्रत्येक अर्ध्या सेकंदाची, आणि तीनच फुल्या, पण प्रत्येक वेळी पाच सेकंद आवाज बंद; यात जास्त त्रास कुणाला, हे तुम्हीच सांगा. म्हणून आम्ही स्टॉपवॉच घेऊन सर्वांत लांब तीन अडखळी धरतो आणि त्यांची सरासरी काढतो. मग चेहऱ्याची, मानेची, हातापायांची खटपट किती, ते बघतो. तोतरेपणाची तीव्रता मोजायला एसएसआय नावाची रायली यांची जी मोजपट्टी जगभर वापरतात, तिच्या मुळाशी ही तीनच गोष्टी आहेत: किती वेळा, किती वेळ, आणि शरीराची किती ओढाताण. त्या सेंटरच्या कागदावर नुसतं 'मॉडरेट' आहे. कशावरून मॉडरेट, ते विचारा. किती तुकडे ऐकले, किती फुल्या, सर्वांत लांब अडखळ किती सेकंदांची? हे आकडे कागदावर नसतील तर 'मॉडरेट' हा त्यांचा अंदाज आहे.

पंधरा मिनिटांत भागत नाही ते यासाठीही की अडखळणं एका जागी टिकत नाही. सकाळी असतं, दुपारी नसतं. पाहुणे आले की वाढतं, कधी पाहुण्यांसमोरच गायब होतं. माझ्याकडे येणारी निम्मी पोरं पहिल्या भेटीत कीर्तनकारासारखी बोलतात आणि आई बिचारी खोटी पडते. म्हणून जाताना व्हिडिओ घेऊन जा. मोबाइल आडवा धरा, चेहरा आणि मान दोन्ही दिसू देत. एक खेळतानाचा, एक जेवतानाचा, एक आजीशी बोलतानाचा आणि एक अगदी उत्साहात काहीतरी सांगतानाचा, प्रत्येकी पाच मिनिटं. बरा दिवस आणि वाईट दिवस, दोन्ही टिपा. 'आता बोलून दाखव' म्हणू नका, गुपचूप घ्या. शिवाय रोज रात्री कॅलेंडरवर एक आकडा टाका: शून्य ते नऊ. शून्य म्हणजे दिवसभरात एकदाही नाही, नऊ म्हणजे याहून जास्त कल्पनेतही येत नाही. तपासणाऱ्याला अशा तीन आठवड्यांच्या आकड्यांचा उपयोग तासाभराच्या भेटीपेक्षा जास्त होतो.

चांगल्या तपासणीत आणखी काय असायला हवं, तेही सांगते. कानांची तपासणी. भाषा वयाप्रमाणे आहे का, उच्चार कसे आहेत. सुरुवात कशी झाली, घरात कुणाला, किती वर्षं. शाळेत चिडवतात का. आणि जमिनीवर बसून मुलाशी खेळणं, त्यात निदान वीस मिनिटं जायला हवीत. खेळणी बाहेरच काढली नाहीत तर समजा, तपासणी टेबलावरच झाली.

आता आरती. गाताना, किंवा सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना, जवळपास सगळ्याच तोतऱ्या माणसांचं अडणं थांबतं. गाण्याचे शब्द आधीपासून तयार असतात, ते त्या क्षणी जुळवावे लागत नाहीत. ताल पुढचा शब्द घेऊन येतो, आवाज मध्ये तुटत नाही, आणि उत्तराची वाट बघत समोर कुणी उभं नसतं. त्यामुळे 'गाताना येतं म्हणजे नाटक करतोय' असं कुणी म्हणालं, तर त्याला माझ्याकडे पाठवा. गाताना अडत नाही यावरून तोतरेपण नाही असं ठरत नाही. उलट गळा, जीभ, ओठ ठणठणीत आहेत याचा तो घरबसल्या मिळालेला दाखला आहे. मग बोलताना गाऊनच बोलू दे का, असं पुढे विचाराल. नको. त्यानं वर्गात चिडवणारे आणखी दोघे वाढतील. गाऊ द्या ते गाण्यासाठी. ग्वाल्हेरात जन्मलेल्या मुलाला गायला कारण कशाला हवं?

तानसेनाच्या चिंचेबद्दल मी काही बोलणार नाही. माझ्या आजीनं मलाही हजिऱ्याला समाधीवर नेऊन ती पानं खाऊ घातली होती. गाता आजही येत नाही, पण पानं आंबट होती आणि आवडली होती. वेखंडाचं मात्र बंद करा. बाळगुटीतल्या एखाद्या वेढ्याबद्दल मी म्हणत नाही. रोज चाटवणं थांबवा. वेखंडात बीटा-अॅसरोन नावाचा एक घटक असतो, तो अंगाला बरा नाही. अमेरिकेत तर १९६८ पासून वेखंड खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी आहे. संस्कृतात त्याला वचा म्हणतात, त्यावरून वाचा सुटते असं आपण धरून बसलोय.

शाळेतल्या मॅडमचा सल्ला ऐकू नका, आणि तसं गोडीनं सांगा. दोन भाषांमुळे कुणी तोतरं होत नाही, आणि एक बंद केल्यानं कुणाचं बरं होत नाही. घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्लिश हे आपल्याकडे तीन-चार पिढ्या चाललंय. बंद कराल ती नेमकी आजीची भाषा असेल, म्हणजे ज्या माणसाशी तो सर्वांत जास्त बोलतो तिच्याशीच बोलणं कमी होईल. तपासणी मात्र त्याच्या सगळ्या भाषांत व्हायला हवी. इंग्लिशमध्ये तो शब्द शोधत थांबत असेल तर ते वेगळं थांबणं, आणि ते तोतरेपणात मोजलं तर आकडा उगाच फुगतो. तुमच्या थेरपिस्टला मराठी येत नसेल तर मराठीतले तुकडे मोजायला तुम्ही शेजारी बसा. वर गजकेचा हिशेब मांडला तो त्यासाठीच.

'त्याच्यासमोर विषय काढू नका' असंही तुम्हाला कुणीतरी नक्की सांगितलं असेल. हा सल्ला कुठून आला, त्याची गोष्ट मोठी आहे. आयोवा विद्यापीठातले वेंडेल जॉन्सन स्वतः तोतरे होते. आई-वडिलांनी साध्या अडखळण्याला नाव ठेवलं की त्यातूनच तोतरेपण जन्मतं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते तपासायला १९३९ साली त्यांच्या एका विद्यार्थिनीनं अनाथाश्रमातल्या बावीस मुलांवर प्रयोग केला. त्यांतल्या काही चांगल्या बोलणाऱ्या मुलांना 'तुम्ही तोतरे आहात' असं सांगत राहिले. मुलं तोतरी झाली नाहीत, पण बोलायला घाबरू लागली, गप्प झाली. विद्यापीठानं २००१ साली त्याबद्दल माफी मागितली. म्हणजे नाव घेतल्यानं तोतरेपण येत नाही. हिणवल्यानं, सतत टोकल्यानं भीती येते. तुमचा मुलगा स्वतःहून म्हणालाय की शब्द आत अडकतो. तुम्ही गप्प बसलात तर तो समजेल की ही बोलायची गोष्ट नाही. "हो रे, कधी कधी अडकतो. मला ऐकायला वेळ आहे." बस, इतकंच म्हणा. 'सावकाश बोल', 'श्वास घे', 'पुन्हा म्हण' नको, त्याचा शब्द आपण पुरा करणं नको. तुम्हीच जरा सावकाश बोला. आणि जेवताना तिघं एकदम बोलत असाल तर आजींना तेवढं सांगा, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमेल.

त्याच्या वयाला लिडकोम ही पद्धत बरीच वापरतात. ऑस्ट्रेलियात, सिडनीला तयार झाली, सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आहे, आणि तिच्यात उपचार आई-वडीलच घरी करतात. थेरपिस्ट दर आठवड्याला बघतो आणि शिकवतो. ते शून्य ते नऊ आकडे तिथलेच. स्वतः व्हिडिओ बघून सुरू करू नका, शब्द चुकले तर ते टोकण्यासारखं होतं.

आता दुसऱ्या माणसाबद्दल, म्हणजे मुलाच्या वडिलांबद्दल. त्यांच्याबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, तरी लिहिते.

व्यवसायाच्या सुरुवातीला माझ्याकडे एक तरुण आला होता. वीस मिनिटं बोललो, एकदाही अडला नाही. मी विचारलं, "राहता कुठे?" तो म्हणाला, "जयारोग्य हॉस्पिटलच्या बाजूला." बोलण्याची गती चांगली, चेहरा शांत. मी कागदावर 'अतिसौम्य' लिहिलं आणि जरा शहाणपणानं सांगितलं की तुम्हाला फारसं काही नाही. बाहेर पावती करणाऱ्या मुलीनं नाव विचारलं, तेव्हा त्यानं खिशातून ओळखपत्र काढलं आणि काउंटरवर तिच्यापुढे सरकवलं. दार उघडं होतं म्हणून मला दिसलं. परत बोलावलं. तो म्हणाला, "मॅडम, माझं नाव 'क'वरून आहे. 'क' मला निघत नाही." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला: जयारोग्यच्या बाजूला म्हणजे कंपू! वीस मिनिटांत तो एकदाही 'कंपू' म्हणाला नव्हता. 'काल' नव्हता, 'काका' नव्हते, 'कॉलेज' नव्हतं. प्रत्येक वाक्य बोलायच्या आधी तो ते मनात वाचत होता आणि 'क' दिसला की वळण घेत होता. मी अडखळी मोजत बसले, आणि त्यानं जन्मभर केलेली मेहनत माझ्या कागदावर शून्य म्हणून उतरली. तो कागद मी फाडला.

म्हणून मोठ्यांची तपासणी मुलांसारखी करत नाही. मोठ्या माणसाला मी वाचायला देते, कारण छापील शब्द बदलता येत नाही. समोर बसून एखाद्या दुकानाला फोन लावायला सांगते. नाव, गाव, ऑफिसचं नाव सांगायला लावते. आणि मग बराच वेळ विचारते: कुठली अक्षरं टाळता, हॉटेलात काय खायचं होतं आणि काय मागवलं, कोणता कोर्स सोडला, कोणत्या मुलाखतीला गेलाच नाहीत. ओएसेस नावाची एक प्रश्नावली आहे, यारस आणि क्वेसल यांनी तयार केलेली. तिच्यात किती वेळा अडता याला फारसं महत्त्व नाही, त्यामुळे आयुष्याचं काय झालं याला आहे. ज्या बँकेच्या बढतीचं तुम्ही लिहिलंय, तिची नोंद माझ्या कागदावर फुल्यांच्या वर जाईल. "मला आता काही नाही" हे ते खोटं बोलत नाहीयेत. ऐकणाऱ्याला काही ऐकू येत नाही, हे खरं आहे.

त्यांना मुलासाठी म्हणून नेऊ नका. मुलाच्या तपासणीत त्यांची माहिती लागेलच: किती वर्षांचे असताना सुरू झालं, मध्ये कधी सुटलं का, कशानं बरं वाटायचं, कोणत्या मास्तरांनी उभं करून वाचायला लावलं. ती फक्त त्यांच्याकडेच आहे, तुमच्या सासूबाईंकडे नाही. पण तेव्हा ते बाप म्हणून बसतील. स्वतःसाठी यायचं असेल तर दुसरी फाइल, दुसरा दिवस, आणि तेही त्यांच्या मनात आलं तर. थेरपीच करायला हवी असंही नाही. देशभर तोतरे लोक एकमेकांना भेटतात असा एक गट आहे, द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन, टीसा म्हणतात. तिथे कुणाला बरं करायचं नसतं, उघडपणे अडखळत बोलायचं असतं. काही पुरुषांना दवाखान्याआधी तिथे जाणं सोपं जातं. एक तेवढं ध्यानात ठेवा: कधी एखाद्या मोठ्या माणसाचं, ज्याला आधी काहीच नव्हतं, बोलणं अचानक अडायला लागलं, तर थेरपिस्ट शोधत बसू नये. आधी मेंदूच्या डॉक्टरांकडे, त्याच दिवशी.

जायचं कुठे, तर आधी जयारोग्यच्या कान-नाक-घसा विभागात विचारा आणि कानांची तपासणी तिथेच करून घ्या. खासगीत जाल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. लाजू नका, चांगला थेरपिस्ट तो भिंतीवरच लावतो. श्रवण आणि वाचा-उपचारातली पदवी, बीएएसएलपी किंवा एमएएसएलपी, असायला हवी. गावात तोतरेपणावर काम करणारं कुणी मिळालं नाही तर व्हिडिओ कॉलवरही होतं, या विषयात ते चांगलं चालतं. आणि वीस दिवसांत शंभर टक्के म्हणणाऱ्याला विचारा, एकविसाव्या दिवशी मोजणार कोण? मोठ्यांना दोन-तीन आठवड्यांत गुळगुळीत बोलायला लावता येतं, हे खरंच आहे. ते तीन महिन्यांनी बाजारात, फोनवर, साहेबांसमोर किती उरतं, ते बघायला ती मंडळी थांबत नाहीत.

वेळ तुम्ही मुलासाठी फोन करून घ्या. यांनी स्वतःसाठी घ्यायची ठरवली तर थेरपिस्टचा व्हॉट्सअॅप नंबर त्यांना देऊन ठेवा आणि मधे पडू नका. मेसेजवर वेळ देत नाहीत, फोनच करा म्हणतात, अशा ठिकाणी त्यांना पाठवू नका.